नांदण्याचा हुकूम आणि तुरुंगाचं दार

नवरा-बायकोच्या भांडणात न्यायालयाने निकाल दिला की त्याची बातमी होते. त्या निकालाचं पुढे काय झालं, याची बातमी सहसा होत नाही. दावा जिंकणं सोपं, दरखास्त अवघड, असं आमच्या वकिली व्यवसायात जुनी मंडळी म्हणत आली आहेत. दरखास्त म्हणजे मिळालेल्या हुकूमनाम्याची बजावणी. शेताचा ताबा द्यायचा असेल तर बेलिफ जातो, पंचनामा होतो, ताबा मिळतो. पण ‘पत्नीने पतीकडे नांदायला जावं’ असा हुकूम असेल आणि ती गेली नाही, तर बेलिफाने काय करायचं? ‘पतीने दरमहा पोटगी द्यावी’ असा हुकूम असेल आणि त्याने दमडीही दिली नाही, तर?

या प्रश्नावर न्यायालयांकडे शेवटचं हत्यार एकच होतं आणि काही प्रमाणात आजही आहे : तुरुंग. घरातल्या भांडणासाठी, चोरी-मारामारी न केलेल्या माणसाला तुरुंगात घालायचं की नाही, याचा विचार आपल्या देशात गेली सव्वाशेहून अधिक वर्षं चालू आहे. त्यात वरच्या न्यायालयाने, म्हणजे अपील ऐकणाऱ्याने, नेमकं काय तपासायचं हा खरा कळीचा मुद्दा आहे. त्याचाच इतिहास आज आपण थोडक्यात पाहू.

सुरुवात करावी लागते इंग्लंडपासून. कारण ‘नांदायला या’ असा दावा आपल्या धर्मशास्त्रातून आलेला नाही, तो तिकडच्या चर्चच्या न्यायालयांतून आला. पती किंवा पत्नी सकारण वेगळी राहत नसेल, तर चर्चचं न्यायालय तिला किंवा त्याला परत जायला सांगे. हुकूम मोडणं म्हणजे न्यायालयाचा अवमान. पूर्वी त्याची शिक्षा होती धर्मबहिष्कार. १८१३ च्या कायद्याने बहिष्काराच्या जागी तुरुंग आला. १८५७ मध्ये विवाहाचे दावे चर्चकडून काढून सरकारी न्यायालयाकडे दिले गेले, पण तुरुंग कायम राहिला.

तो गेला १८८४ मध्ये, आणि कसा गेला ते पाहण्यासारखं आहे. जॉर्जिना वेल्डन नावाच्या बाईंनी आपल्या नवऱ्याविरुद्ध असा हुकूमनामा मिळवला होता. नवरा काही तिच्याकडे राहायला येईना. आता एका प्रतिष्ठित गृहस्थावर तुरुंगात जायची वेळ आली. तेव्हा कुठे पार्लमेंटला या कायद्यातला रानटीपणा जाणवला आणि ही तुरुंगवासाची तरतूद रद्द झाली. नेमक्या त्याच वर्षी, १८८४ मध्ये, मुंबईत दादाजी भिकाजी यांनी आपली पत्नी रखमाबाई हिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात दावा लावला. इंग्लंडने आपल्या घरातून जे हत्यार बाहेर टाकलं, ते हिंदुस्थानच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत मात्र तसंच होतं. १८७७ च्या आणि नंतर १८८२ च्या संहितेत २६० वं कलम होतं. नांदण्याचा हुकूमनामा मोडला तर मालमत्तेची जप्ती, किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, किंवा दोन्ही.

रखमाबाईंची कथा बऱ्याच जणांना माहीत आहे, तरी खटल्यापुरती सांगतो. जन्म १८६४ चा. वडील लवकर गेले. आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. हे डॉक्टर मुंबईतले नामवंत, वनस्पतिशास्त्राचे जाणकार. रखमाबाईंचं लग्न वयाच्या अकराव्या वर्षी झालं. नवरा एकोणीस वर्षांचा. लग्नानंतर ती माहेरीच राहिली, घरी शिकत राहिली. दादाजी मामाकडे राहत होते, शिक्षणात त्यांचं मन लागलं नाही, प्रकृतीही बरी नसे. वयात आल्यावर रखमाबाईंनी त्या घरी नांदायला जायला नकार दिला. नवरा पोसू शकत नाही आणि त्याची प्रकृती ठीक नाही, ही त्यांची कैफियत होती. पण मुळातला मुद्दा वेगळाच होता. ज्या लग्नाला आपण समजून संमती दिली नाही, ते आपल्यावर बांधील कसं, असं त्या विचारत होत्या. याच काळात ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘अ हिंदू लेडी’ या टोपणनावाने बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर पत्रं आली. ती त्यांचीच होती.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. इंग्लंडमधला हा दावा एकत्र राहून मग वेगळं झालेल्यांसाठी आहे. जे कधी एकत्र राहिलेच नाहीत, त्यांना पुन्हा एकत्र आणायचं तरी काय? शिवाय एका तरुण स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध अशा माणसाच्या घरी पाठवणं त्यांना अमानुष वाटलं आणि त्यांनी ते निकालात स्वच्छ लिहिलं.

या निकालाने मुंबई-पुण्यात मोठं वादळ उठलं. बेहरामजी मलबारी आणि सुधारक मंडळींनी स्वागत केलं. टिळकांच्या बाजूच्या पत्रांनी न्यायाधीशांना हिंदू कायदा कळला नाही, अशी टीका केली. रखमाबाईंच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते हेही लक्षात ठेवण्यासारखं. संस्कृतात मुरलेला, धर्मशास्त्र जाणणारा माणूस तिच्या बाजूने उभा होता.

दादाजींनी अपील केलं. १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट आणि न्या. बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला. हिंदू विवाह विधीने पूर्ण होतो, आधी एकत्र राहण्याची गरज नाही, पत्नीने पतीच्या घरी राहणं हे तिचं कर्तव्य आहे, तेव्हा असा दावा चालू शकतो, असं त्यांनी ठरवलं आणि उरलेल्या मुद्द्यांसाठी प्रकरण खाली परत पाठवलं.

आता इथे जरा थांबू या. अपिलाचा विचार आला की आपल्याला वाटतं, वर गेलं म्हणजे दाद मिळते. इथे उलटं झालं. खालच्या न्यायाधीशाने माणूस पाहिला आणि वरच्यांनी कायद्याचं कलम पाहिलं. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने पाहिलं तर वरच्यांचं म्हणणं अगदीच निराधार होतं असंही म्हणता येत नाही. पिन्हींचा निकाल कायद्यापेक्षा कळवळ्यावर जास्त उभा होता. पण अपील ऐकणाऱ्यांनी एक प्रश्न विचारलाच नाही. असा हुकूमनामा दिल्यावर तो बजावायचा कसा? ज्या हुकमाच्या शेवटी तुरुंगाचं दार आहे, तो हुकूम योग्य की अयोग्य हे त्या दाराकडे न बघता ठरवता येईल का? माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं मर्म इथे आहे. दावा चालतो की नाही आणि न पाळल्यास तुरुंग योग्य की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १८८६ मध्ये दुसरा प्रश्न पहिल्याच्या पोटात गडप झाला.

तो बाहेर काढला रखमाबाईंनी. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी वरच्या न्यायालयाचा निर्णय प्रमाण मानून महिनाभरात नवऱ्याकडे जाण्याचा हुकूम दिला. न गेल्यास सहा महिन्यांचा तुरुंग. रखमाबाईंनी कळवलं की त्या घरी जाण्यापेक्षा कायद्यातली जास्तीत जास्त शिक्षा आपण भोगू. वयाच्या बाविसाव्या वर्षी! पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याची कथा सांगितली. इंग्लंडमध्येही चर्चा झाली. सरकारची मोठीच पंचाईत झाली होती. स्वतःच्या देशात ज्या कारणासाठी कोणालाही तुरुंगात टाकता येत नाही, त्याच कारणासाठी इथे एका सुशिक्षित तरुणीला टाकायचं कसं?

तो तुरुंग प्रत्यक्षात उघडलाच नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकूमनाम्याची बजावणी न करण्याचं मान्य केलं. त्यांनी दुसरं लग्न केलं. रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन १८९५ मध्ये परतल्या आणि पुढे सुरत, राजकोट इथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. पण एक गोष्ट आपण विसरतो. त्यांच्याविरुद्धचा हुकूम चुकीचा होता, असं कोणत्याही वरच्या न्यायालयाने म्हटलं नाही. पैसे देऊन सुटका झाली. ज्या बाईजवळ दोन हजार रुपये नाहीत, पाठीशी तेलंग नाहीत, वर्तमानपत्रं नाहीत, तिच्यासाठी कायदा होता तसाच राहिला.

तो बदलायला आणखी पस्तीस वर्षं लागली. १९०८ च्या नव्या दिवाणी संहितेत, अशा दाव्यात तुरुंग वापरायचा नाही असं ठरवण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. १९२३ च्या दुरुस्तीने नांदण्याच्या हुकूमनाम्यासाठी तुरुंग पूर्णपणे रद्द झाला. जप्ती मात्र राहिली.

मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. त्याच्या नवव्या कलमात हा दावा पुन्हा लिहिला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात रखमाबाई निवर्तल्या. कायद्यात एक नवी वाटही जोडली गेली : असा हुकूमनामा होऊनही ठराविक काळ (१९७६ पासून एक वर्ष) एकत्र राहणं झालं नाही, तर घटस्फोट मागता येतो. म्हणजे ‘नांदा’ असा हुकूम अनेकदा ‘न नांदण्या’ची पहिली पायरी म्हणून मागितला जाऊ लागला. कौटुंबिक दाव्यांत वावरलेल्या कोणत्याही वकिलाला हे ठाऊक आहे.

१९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्या. पी. ए. चौधरी यांनी हे नववं कलमच घटनाबाह्य ठरवलं. स्त्रीच्या शरीरावर आणि मनावर राज्यसत्तेने हुकूम चालवू नये, असा त्यांचा सूर होता. पिन्हींची आठवण व्हावी असाच. दिल्ली उच्च न्यायालयाने नेमकं उलट मत दिलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं. त्याचं एक महत्त्वाचं कारण असं दिलं गेलं की हा हुकूम मोडल्यास जप्तीच होते, आणि तीही संधी असून हेतुपुरस्सर मोडला तरच. निकालाबद्दल मतभेद असू शकतात. २०१९ मध्ये या कलमाला सर्वोच्च न्यायालयात पुन्हा आव्हान दिलं गेलंच. पण जो प्रश्न १८८६ मध्ये विचारला गेला नव्हता, तो १९८४ मध्ये विचारला गेला : हुकूम मोडला तर या माणसाचं काय होणार? हे छोटं पाऊल नाही.

आता दुसऱ्या हुकमाकडे वळू, पोटगीकडे. इथे तुरुंग गेलेला नाही आणि जावा असंही मला वाटत नाही. १८९८ च्या फौजदारी संहितेतलं ४८८ वं कलम, १९७३ च्या संहितेतलं १२५ वं कलम आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं १४४ वं कलम, हा एकाच तरतुदीचा प्रवास आहे. पुरेशा कारणाशिवाय पोटगी थकवली तर वॉरंट निघतं आणि तरीही रक्कम वसूल झाली नाही तर तुरुंग.

‘एक महिना आत बसून येतो, पण तिला पैसे देत नाही,’ असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा समज असा की आत बसलं की थकबाकी फिटली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने हा गैरसमज दूर केला. तुरुंग हा पैसे वसूल करण्याचा मार्ग आहे, पैसे फेडण्याचा नव्हे. आत राहून आलं तरी देणं शिल्लकच राहतं. १९९९ मध्ये त्याच न्यायालयाने दुसरी बाजू सांगितली. दंडाधिकाऱ्याला एका वेळी महिन्यापेक्षा जास्त तुरुंग देता येणार नाही. तरीही पैसे मिळाले नाहीत तर पत्नीने पुन्हा अर्ज करावा. हे दोन्ही निर्णय एकत्र वाचले की वरच्या न्यायालयाचं काम कळतं. एका हाताने हुकमाची धार राखायची आणि दुसऱ्या हाताने त्या धारेला मर्यादा घालायची.

ही अडचण काही एकट्या आपल्या देशाची नाही. अमेरिकेत मुलाच्या पालनपोषणाचे पैसे थकवणं हा न्यायालयाचा अवमान धरला जातो. तिथे एक जुनी कल्पना रूढ आहे : अशा कैद्याच्या तुरुंगाची किल्ली त्याच्याच खिशात असते; पैसे भर आणि बाहेर ये. पण खिसाच रिकामा असेल तर? साउथ कॅरोलिना राज्यातल्या एका बापाला आठवड्याला सुमारे ५२ डॉलर भरायचे होते. ते थकत थकत ५,७०० डॉलरच्या वर गेले. २००८ मध्ये त्याला बारा महिन्यांसाठी आत पाठवलं. त्याला वकील नव्हता आणि तो पैसे भरू शकतो की नाही, याची नोंदच न्यायाधीशाने केली नाही. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सरकारने प्रत्येकाला वकील द्यायलाच हवा, असं न्यायालय म्हणालं नाही. पण माणसाची ऐपत हाच कळीचा मुद्दा आहे हे त्याला आधी सांगा, त्याच्या जमाखर्चाची माहिती घ्या आणि ऐपत आहे असा स्पष्ट निष्कर्ष काढा, मगच तुरुंगाचं बोला, असं ते म्हणालं. दुर्दैव एवढंच की निकाल लागेपर्यंत त्या बापाने शिक्षा केव्हाच भोगून झाली होती. अपिलाचा न्याय उशिरा आला तर तो पुढच्यांच्या उपयोगी पडतो, त्याच्या नाही.

आपल्याकडे पोटगीच्या वॉरंटाखेरीज अवमानाचा स्वतंत्र मार्गही आहे. १९७१ च्या कायद्यानुसार हुकूम हेतुपुरस्सर मोडणं किंवा न्यायालयाला दिलेली हमी मोडणं हा दिवाणी अवमान ठरतो. त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते. इथेही ‘हेतुपुरस्सर’ या शब्दावर सगळं अवलंबून आहे. नोकरी गेली म्हणून न दिलेली पोटगी आणि पगार लपवून न दिलेली पोटगी, या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणखी एक बारकावा सामान्य माणसाला माहीत नसतो. शिक्षा झाली तर या कायद्याखाली अपिलाचा हक्क आहे. पण उच्च न्यायालयाने ‘अवमान झालेला नाही’ असं म्हणून शिक्षा नाकारली, तर तक्रार करणाऱ्याला तो हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाकडे विशेष परवानगी मागणं एवढंच उरतं. २००६ च्या निकालात हे स्पष्ट झालं. ज्याचं स्वातंत्र्य जाणार त्याला अपील, ज्याचे पैसे जाणार त्याला नाही. यामागचं तर्कशास्त्र मला पटतं. पण पोटगीची वाट पाहणाऱ्या बाईला ते कसं पटवायचं, हे मला कळलेलं नाही.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयात २०१३ मध्ये सुरू झालेलं पोटगीचं एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचा निकाल लागला. अंतरिम पोटगीसाठी सात वर्षं! त्या निमित्ताने न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी सगळ्या देशासाठी नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच द्यायचं. पोटगीचा हुकूम दिवाणी हुकूमनाम्यासारखा जप्ती-अटकेच्या मार्गांनी बजावता येईल. पतीचा बचावच काढून टाकायचा असेल तर तो शेवटचा उपाय, आणि थकबाकी हेतुपुरस्सर असेल तरच. जाणूनबुजून हुकूम मोडला तर अवमानाची कारवाईही करता येईल.

त्या प्रतिज्ञापत्राचं महत्त्व मला सगळ्यात जास्त वाटतं. अमेरिकेत २०११ मध्ये जे म्हटलं गेलं, तेच इथे वेगळ्या रीतीने आलं : आधी ऐपत बघा. हा कागद नीट भरून घेतला तर खालचा न्यायाधीश लबाडाला ओळखू शकतो आणि गरिबाला वाचवू शकतो. वरच्या न्यायालयालाही मग काय तपासायचं ते समोर दिसतं. हा कागदच नसेल तर वर बसलेल्यांपुढे फक्त दोन वकिलांची भाषणं उरतात.

रखमाबाईंच्या खटल्याकडे आपण एका धीट स्त्रीची गोष्ट म्हणून पाहतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्या उत्तरातून न्यायालयांसाठीही एक धडा निघतो. माणसाला घरातल्या नात्यासाठी कोंडायचं असेल तर तीन प्रश्नांची उत्तरं आधी द्यावी लागतात. मागितलेली गोष्ट सक्तीने मिळण्याजोगी आहे का? ती देणं या माणसाला शक्य आहे का? आणि शक्य असूनही तो मुद्दाम देत नाही का? सहवास पहिल्याच प्रश्नाला नापास होतो, म्हणून त्याच्यासाठीचा तुरुंग १९२३ मध्ये गेला. पोटगी पहिल्या प्रश्नाला उतरते. पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र प्रत्येक प्रकरणात नव्याने शोधावी लागतात. ती शोधायला वेळ लागतो, आणि दरम्यान कोणाच्या तरी घरी चूल पेटायची असते. म्हणून हा शोध वरच्या न्यायालयावर सोपवून चालत नाही. तो पहिल्या तारखेलाच, खालच्या न्यायालयात सुरू व्हायला हवा.